बेरिॲट्रिक ऑपरेशनआधीची खरेदी: काय घ्यावं, काय दुकानातच राहू द्यावं

बेरिॲट्रिक, म्हणजे वजन कमी करण्यासाठी जठरावर होणाऱ्या, ऑपरेशनची तारीख ठरली की पहिली चक्कर मेडिकलवर होते आणि दुसरी मोबाइलवरच्या शॉपिंग ॲपवर. डाएटिशियनच्या कागदावर चार वस्तू लिहिलेल्या असतात, घरी येतात चौदा. डब्यावर ‘बेरिॲट्रिक’ हा शब्द छापला की किंमत वाढते, आणि धास्तावलेलं घर अशा वेळी घासाघीस करत नाही. म्हणून स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून नळीसारखं जठर ठेवणं) किंवा बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडणं) या ऑपरेशनांच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत लोक जे जे विकत घेतात त्याचा हा वस्तूवार हिशेब. कसोट्या तीनच. लिव्हर लहान व्हायला मदत होते का, भूल आणि श्वास सोपा होतो का, रक्तात गुठळी व्हायचा धोका कमी होतो का. तिन्हींत न बसणारी वस्तू नंतरही घेता येते, किंवा घ्यावी लागतच नाही.

लिव्हरचं प्रकरण आधी समजून घ्यावं, कारण निम्मी खरेदी त्याच्यासाठी आहे. लिव्हरचा डावा भाग जठराच्या वरच्या टोकावर पसरलेला असतो. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये सर्जन तो भाग एका धातूच्या आकड्याने वर उचलून धरतात आणि त्याच्या खालच्या फटीत स्टेपलर चालवतात. वजन जास्त असलेल्या बहुतेकांचं लिव्हर चरबीने फुगलेलं, जड आणि ठिसूळ असतं. उचलताना ते फाटतं, रक्त येतं, मागचं दिसत नाही. लिव्हरमध्ये साधारण शंभर ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीची साखर, साठतं आणि प्रत्येक ग्रॅम आपल्याबरोबर जवळपास तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. पिष्टमय पदार्थ बंद झाले की हा साठा रिकामा होतो, मग चरबी जळू लागते, आणि आकार कमी होण्यातला मोठा वाटा पहिल्या दोन आठवड्यांतच पडतो. म्हणून कागदावर कमी पिष्टाच्या पातळ आहाराचे, म्हणजे लिक्विड डाएटचे, दोन आठवडे लिहिलेले असतात. लिव्हर फार मोठं असेल तर तीन-चारही लिहितात. शेवटच्या आठवड्यात ‘आता काय परत खायला मिळणार नाही’ म्हणून बिर्याणीचं निरोपाचं जेवण घालणारे नातेवाईक प्रेमळ असतात, पण ते एक जेवण साठा पुन्हा भरून टाकतं.

प्रोटीन पावडर: सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात

डब्याच्या पुढच्या बाजूला काय लिहिलंय ते वाचूच नये. मागे दोन आकडे बघायचे: एका वेळच्या मापात प्रोटीन किती ग्रॅम आणि कॅलरी किती. शंभर कॅलरींमागे २० ग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रोटीन पडत असेल तर पावडर या कामाची. व्हे म्हणजे दुधाच्या निवळीतलं प्रोटीन; त्याच्या चांगल्या आयसोलेटचं, म्हणजे जास्त शुद्ध केलेल्या पावडरचं, ३० ग्रॅमचं माप साधारण ११० कॅलरींत २५ ग्रॅम प्रोटीन देतं, म्हणजे शंभरामागे बावीस-तेवीस. व्हे कॉन्सन्ट्रेट अठरा ते वीसच्या आसपास येतं, चालून जातं. आजारपणात भेट म्हणून आणतात ते ‘संपूर्ण आहार’वाले डबे मात्र शंभर कॅलरींमागे चार-पाच ग्रॅमवर अडकतात, कारण उरलेल्या डब्यात माल्टोडेक्स्ट्रिन, साखर आणि तेल असतं. तो डबा वाईट नाही, तो अशक्त माणसाचं वजन वाढवण्यासाठी बनवलेला आहे. तुम्हाला नेमकं उलटं हवंय. मेडिकलच्या काउंटरवर ‘प्रोटीन द्या’ म्हटलं की हमखास हाच किंवा चॉकलेटच्या चवीचा त्याचा भाऊबंद हातात पडतो. तिथेच उभं राहून भागाकार करावा.

आयसोलेट की कॉन्सन्ट्रेट? दूध प्यायल्यावर पोट गुरगुरत असेल तर आयसोलेटच, कारण त्यात लॅक्टोज जवळपास नसतं. पोटाची तक्रार नसेल तर कॉन्सन्ट्रेटवर भागतं आणि पैसे वाचतात. अमूलचं पुड्यांमधलं व्हे याच दुसऱ्या प्रकारात मोडतं. एका पुडीत २५ ग्रॅम प्रोटीन, मापाची कटकट नाही, प्रवासात सोयीचं. दोष एवढाच की साइटवर ते बरेचदा ‘स्टॉक संपला’ दाखवतं. तारीख ठरल्यावर मागवू म्हणाल तर अडकाल, तपासण्या चालू असतानाच मागवून ठेवा. त्याच कंपनीचं हाय प्रोटीन ताक, २०० मिलीत १५ ग्रॅम प्रोटीनवालं, या काळासाठी उत्तम पर्याय आहे. गोड नाही, चावायचं नाही, फेस नाही. दुपारच्या चारच्या भुकेवर त्याच्याइतकं सोपं उत्तर दुसरं नाही. दूध अजिबात चालत नसेल तर सोया किंवा वाटाण्याचं आयसोलेट मिळतं. वाटाण्याचं जिभेवर खरखरीत लागतं, त्यात जिरेपूड आणि मीठ घालून सूपसारखं घ्यावं.

किती घ्यायचं? रोज दोन मापं धरली तर चौदा दिवसांना ८४० ग्रॅम लागतं. एक किलोचा डबा पुरतो. दोन-अडीच किलोचा डबा किलोमागे स्वस्त पडतो म्हणून मोह होतो, तो आवरा. ऑपरेशननंतर अनेकांची चव बदलते, आधी आवडलेलं चॉकलेट व्हॅनिला वासानेही नको होतं आणि अर्धा डबा शेजारच्या जिमवाल्या मुलाकडे जातो. शक्य असेल तर बिनचवीची पावडर घ्या. ती ताकात, मुगाच्या कढणात, टोमॅटोच्या सारात कशातही जाते. मात्र उकळत्या पदार्थात टाकली की प्रोटीन गोठून रबरासारख्या गुठळ्या होतात. आधी पदार्थ कोमट होऊ द्यावा. शेकरमध्ये पाणी आधी, पावडर नंतर. उलट केलं तर तळाशी चिखल बसतो. मिक्सरमध्ये फिरवलंत तर फेस बसेपर्यंत दहा मिनिटं थांबा, नाहीतर तो सगळा वारा पोटात जातो.

नकली मालाचा प्रश्न खरा आहे. डब्यावर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना क्रमांक हवा, सील शाबूत हवं, आणि घटकांच्या यादीत ग्लायसिन किंवा टॉरिन वेगळं लिहिलेलं असेल तर तो डबा परत ठेवा. ही स्वस्त अमिनो आम्लं प्रोटीनचा आकडा फुगवायला घालतात. सुट्या पिशवीतून वजन करून मिळणारं व्हे कितीही स्वस्त असलं तरी या कामासाठी नको.

पावडरबाहेरचं अन्न, म्हणजे खरं घरचं काम

नुसत्या पावडरवर चौदा दिवस काढणारे पाचव्या दिवशी मोडतात. आपल्या स्वयंपाकात द्रव पदार्थांची तशी चणचण नाही, फक्त निवड चुकते. ठरावीक चूक म्हणजे पेज. ‘हलकी असते’ म्हणून भाताची पेज दिली जाते. ५० ग्रॅम तांदळाच्या पेजेत सुमारे ४० ग्रॅम स्टार्च आणि जेमतेम साडेतीन ग्रॅम प्रोटीन असतं. पोटाला हलकी खरी, लिव्हरला नाही. साबुदाण्याची लापशी, आरारूट, उसाचा रस, शहाळी आणि फळांचे रसही याच रांगेतले. एकादशीच्या सवयीने ‘उपवासाचं चालतं’ असं गृहीत धरलं जातं, तेही खोडून टाका. आणखी एक भाबडी समजूत वरणाच्या वरच्या पाण्याची. प्रोटीन डाळीत असतं, निवळीत नाही. डाळ शिजवून पूर्ण घोटून, पातळ करून, गाळायचीच असेल तर मोठ्या भोकांच्या गाळणीने गाळा.

दिवसाचा नमुना असा बसतो. सकाळी २५० मिली स्किम्ड दुधात पावडरचं एक माप. अकराला शंभर ग्रॅम बिनसायीच्या दह्याचं मोठं भांडंभर ताक, हिंग-जिऱ्याचं. जेवणाला ३० ग्रॅम मूगडाळ आणि दीडशे ग्रॅम दुधी किंवा पालक एकत्र शिजवून घोटलेलं सूप, एक चमचा तेलाच्या फोडणीसकट. चारला पाण्यात पावडरचं दुसरं माप. सातला ३० ग्रॅम कुळथाचं कढण, आमसूल आणि लसूण घालून. झोपण्याआधी २०० मिली स्किम्ड दूध. बेरीज सातशेच्या थोडी वर कॅलरी, ऐंशीच्या आसपास ग्रॅम प्रोटीन आणि कार्बोहायड्रेट सत्तर-पंचाहत्तर ग्रॅम. कागदावर ८०० ते १००० कॅलरी लिहिल्या असतील तर अजून एक कढण किंवा हाय प्रोटीन ताक बसतं. शिवाय सव्वादोन-अडीच लिटर पाणी, एकदम नाही, दिवसभर घोट घोट.

दुधाच्या पिशवीचा रंग नव्हे, त्यावरची अक्षरं वाचा. टोन्ड म्हणजे ३ टक्के फॅट, डबल टोन्ड दीड टक्का, स्किम्ड अर्ध्या टक्क्याच्या आत. म्हशीचं दूध उकळून साय काढली की ते स्किम्ड होत नाही. सायीखाली बरीच चरबी दुधात तशीच विरघळल्यासारखी राहते. गावात स्किम्ड मिळत नसेल तर डबल टोन्ड घ्या आणि माप थोडं कमी करा, एवढ्याने काही बिघडत नाही.

दुसऱ्या ते चौथ्या दिवशी डोकं दुखतं, चिडचिड होते, तोंडाला वास येतो. साठा संपून शरीर चरबीकडे वळल्याची ती खूण. मिठाचं साफ सूप दिवसातून एकदा घेतलं की डोकेदुखी बरीच उतरते. ब्लड प्रेशर असेल तर मीठ किती ते विचारून घ्या. बद्धकोष्ठ होणारच. रात्री एक चमचा सत इसबगोल भरपूर पाण्याबरोबर घेता येतं, पण ते फक्त ऑपरेशनआधी. नंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत फुगणारी कोणतीही भुकटी नव्या जठरात नको.

इथे एक धोका कोणत्याही डब्यावर छापलेला नसतो. मधुमेहाच्या गोळ्या तशाच चालू ठेवून हा आहार सुरू करणं. जेवण एकदम निम्म्याखाली आलं की ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने किंवा इन्सुलिनच्या जुन्या मात्रेने साखर धाडकन उतरते. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिनचा प्रकार जास्त फसवा. कमी कार्बोहायड्रेटच्या आहारात या गोळ्या चालू राहिल्या तर रक्तात किटोनचं आम्ल साठू शकतं, आणि तेव्हा ग्लुकोमीटर साखर जवळपास ठीकच दाखवतो. मळमळ, पोटदुखी, धाप, ‘पण शुगर तर नॉर्मल आहे’ असं चित्र दिसलं तर वाट बघत बसू नका, दवाखाना गाठा. ऑपरेशनआधी किमान तीन दिवस या गोळ्या बंद करतात, लिक्विड डाएटसाठी बहुतेकदा त्याहून आधी. कधीपासून हे डॉक्टरांकडून लिहून घ्या, तोंडी नको. लघवीच्या गोळ्या, ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, गर्भनिरोधक गोळ्या आणि आठवड्याचं सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपेटाइडचं इंजेक्शन यांचंही तसंच. इंजेक्शनमुळे जठर रिकामं व्हायला उशीर लागतो, म्हणून भूलतज्ज्ञाला ते माहीत असणं जीवनमरणाची गोष्ट आहे. ‘ते काय, वजनाचं इंजेक्शन’ म्हणून लोक औषधांच्या यादीत लिहितच नाहीत.

काटे

स्वयंपाकघरातला एक ग्रॅम अचूकतेचा काटा घ्याच. बाजारात सगळीकडे दिसणारा एसएफ-४०० हा पांढरा काटा दहा किलोपर्यंत मोजतो, स्वस्त आहे आणि या कामाला पुरतो. खोड एकच. हळूहळू भुरभुरत टाकलेले दोन-चार ग्रॅम तो बरेचदा नोंदवत नाही, त्यामुळे पावडर वाटीत एकदम ओतून मोजावी. डब्यातल्या चमच्याने मोजाल तर दाबून भरलेला आणि मोकळा भरलेला यात सहज पाच-सहा ग्रॅमचा फरक पडतो.

वजनाचा काटा घेताना क्षमता बघा. घरगुती काटे बहुधा १५० किंवा १८० किलोला संपतात आणि त्यापुढे नुसता एरर दाखवतात. गादीवर, गालिच्यावर ठेवू नका. ‘शरीरातली चरबी टक्के’ सांगणाऱ्या ब्लूटूथवाल्या काट्याचे जादा पैसे देण्यात अर्थ नाही. तो पायातून बारीक वीज सोडून अंदाज बांधतो, आणि शरीरातलं पाणी रोज बदलणाऱ्या या पंधरवड्यात तो अंदाज नुसता भटकतो.

तीन गोळ्यांचं स्पायरोमीटर

श्वासाच्या व्यायामाचं हे प्लास्टिकचं उपकरण; नळीतून श्वास ओढला की त्यातल्या तीन हलक्या गोळ्या वर उचलल्या जातात. या सगळ्या यादीतली सगळ्यात किफायतशीर वस्तू हीच. सर्जिकलच्या दुकानात दोन-तीनशेत मिळते, मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला किंवा पुण्यात सदाशिव पेठेत याहून कमीतही. भूल दिल्यावर जाड पोटामुळे फुप्फुसांचा तळ दबतो, तिथे कफ साचतो, नंतर ताप आणि न्यूमोनिया. हे टाळायचा हा व्यायाम. पण निम्मे लोक उपकरण उलटं वापरतात, म्हणजे त्यात फुंकतात. फुंकायचं नाही, ओढायचं. ताठ बसा, आधी श्वास पूर्ण सोडा, नळी ओठांत घट्ट धरा आणि सावकाश आत ओढा. ६००, ९००, १२०० हे आकडे सेकंदाला किती मिली हवा ओढली जाते त्याचे आहेत, एकूण हवेचे नव्हेत. त्यामुळे झटका देऊन तिन्ही गोळ्या वर उडवण्यात काही कमाई नाही. पहिली गोळी वर धरून ठेवून दुसरी हलत राहील अशा वेगाने तीन-चार सेकंद लांब श्वास घेणं जास्त मोलाचं. जागेपणी तासाला दहा वेळा. चक्कर आली तर मध्ये थांबा. दोन आठवडे आधी सुरू करावं, कारण ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी दुखऱ्या पोटाने ही गोष्ट नव्याने शिकणं अवघड जातं. तोंडाची नळी रोज साबणाने धुवा.

तंबाखूबद्दल इथेच. सिगारेट किमान सहा आठवडे आधी बंद, हे बहुतेकांना माहीत असतं. मिशरी मात्र कुणी मोजत नाही, ‘ती काय, दात घासायला’. निकोटिन ते निकोटिनच. बायपासनंतर जोडाच्या जागी अल्सर व्हायचं ते मोठं कारण आहे, आणि गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२पासून बंदी असली तरी टपरीला ते कळलेलं दिसत नाही. काही ठिकाणी रक्त-लघवीत कोटिनीन, म्हणजे शरीरात निकोटिनपासून बनणारा पदार्थ, तपासतात. निकोटिनचं च्युइंग गम चालू असेल तरी ती चाचणी पॉझिटिव्ह येते, म्हणून आधी सांगून ठेवा.

लांब मोजे

नावात घोटाळा आहे. ऑपरेशनसाठीचे गुठळीरोधक मोजे घोट्याशी साधारण १८ मिमी पाऱ्याचा हलका दाब देतात. व्हेरिकोज व्हेन्ससाठीचे ‘क्लास टू’ मोजे २३ ते ३२चा. दुकानदार दुसरे देऊन मोकळा होतो कारण ते जास्त खपतात आणि महाग असतात. दिवसभर आडवं पडलेल्या माणसाला ते नकोत. मापही अंदाजाने नको. सकाळी उठल्याउठल्या, पाय सुजण्याआधी, घोट्याचा आणि पोटरीच्या सगळ्यात जाड जागेचा घेर टेपने घ्या. मांडीपर्यंतचे मोजे जाड मांडीवर टिकत नाहीत, वरची कड गुंडाळी होऊन खाली येते आणि दोरी बांधल्यासारखी आवळते. म्हणजे गुठळी टाळायला घातलेला मोजाच रक्त अडवतो. अशांनी गुडघ्यापर्यंतचे घ्यावेत. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेली असेल किंवा पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद असतील तर विचारल्याशिवाय घालूच नयेत. अनेक हॉस्पिटलांत पायाला हवेचे पंप लावतात आणि गुठळी टाळणारी एनोक्सापॅरिनची इंजेक्शनंही देतात. तिथे मोजे पॅकेजमध्ये आहेत का ते आधी विचारा, दोनदा पैसे जातात.

सीपॅप मशीन

मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास अडकणं, दिवसा गाडी चालवताना डुलकी लागणं, यातलं काही असेल तर झोपेची तपासणी टाळू नका. सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं मशीन, लागेल असं निघालं तर लगेच विकत घेऊ नका, भाड्याने घ्या. वजन उतरल्यावर दाब कमी करावा लागतो किंवा काहींची गरजच संपते, आणि वापरलेलं मशीन विकताना निम्मेही येत नाहीत. विकत घ्यायचा तो मास्क. तो स्वतःच्या चेहऱ्याचा असावा. दाढी राखणाऱ्यांना पूर्ण चेहऱ्याचा मास्क गळतो, नाकपुडीत बसणारा बरा. पट्टे आवळून गळती थांबवायचा प्रयत्न केला की नाकावर जखम होते. झोपलेल्या स्थितीत, हवा चालू असताना पट्टे बसवा. ह्युमिडिफायरमध्ये डिस्टिल्ड वॉटर, नळाचं नको, क्षार चिकटतात. ऑपरेशनआधी निदान दोन आठवडे रोज रात्री लावलं तर उपयोग. आणि ते मशीन ॲडमिट होताना बॅगेत असायला हवं, घरी कपाटात नव्हे.

गोळ्यांची फार घाई नको, पण दोन फसगती टाळा

मल्टिव्हिटॅमिनचा वर्षाचा साठा आधी घेणं मूर्खपणाचं. ऑपरेशनआधी रक्तात हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, फोलेट आणि डी व्हिटॅमिन तपासून जे कमी आहे ते भरून काढायचं. शाकाहारी घरांत बी-१२ आणि एकूणच आपल्याकडे डी कमी निघणं नेहमीचं. नंतर कमतरता भरणं अवघड जातं, म्हणून हे आधी.

पहिली फसगत कॅल्शियमची. आपल्याकडे घरोघरी असलेलं शेलकॅल ५०० हे कॅल्शियम कार्बोनेट आहे, त्याला जठरातलं आम्ल लागतं. ऑपरेशननंतर आम्ल कमी, म्हणून सायट्रेट पसंत करतात. पण सायट्रेटच्या पट्टीवर ‘१००० मिग्रॅ’ लिहिलेलं असतं तेव्हा त्यात खरं कॅल्शियम २१ टक्के, म्हणजे सुमारे २१० मिग्रॅ असतं. दिवसाला १२०० ते १५०० मिग्रॅ खरं कॅल्शियम हवं तर गोळ्या किती होतात ते मोजा, आणि एका वेळी ५००-६००च्या वर घेऊ नका. लोहाची गोळी त्यापासून दोन तास लांब. दुसरी फसगत बेकोसूल्सची. ‘व्हिटॅमिन चालू आहे’ म्हणून लोक ती कॅप्सूल दाखवतात. ती बी-कॉम्प्लेक्स आणि सी आहे, तिच्यात लोह नाही, डी नाही. ती मल्टिव्हिटॅमिनची जागा घेत नाही.

तपासण्यांचं पॅकेज आणि फाइल

प्री-ऑप चेकअपचं पॅकेज स्वस्त वाटलं तर त्यात काय नाही ते बघा. ईसीजी, एक्स-रे, साखर, थायरॉइड, सोनोग्राफी सगळीकडे असतं. गाळली जाते ती बहुधा एंडोस्कोपी, फेरिटिन आणि झोपेची तपासणी. एंडोस्कोपी वगळू नये. जुनाट ॲसिडिटी, अन्ननलिकेची सूज किंवा जठर छातीकडे सरकल्याचा मोठा हर्निया दिसला तर स्लीव्हऐवजी बायपासचा विचार होतो, म्हणजे ऑपरेशनच बदलतं. त्याच वेळी एच. पायलोरी या जठरातल्या जंतूच्या तपासणीसाठी जठराच्या अस्तराचा बारीक तुकडा घेतात. पँटोप्राझोलसारख्या ॲसिडिटीच्या गोळ्या दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे आधी बंद नसतील तर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. निघाला तर चौदा दिवसांचा औषधांचा कोर्स, म्हणून ही तपासणी तारखेच्या दीड-दोन महिने आधी हवी.

मेडिक्लेम असेल तर विमा नियामक आयआरडीएआयने २०१९मध्ये ठरवलेली भाषा वाचा. वय १८ पूर्ण, बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) ४० किंवा जास्त, अथवा ३५ किंवा जास्त आणि सोबत गंभीर स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं), आटोक्यात नसलेला टाइप टू मधुमेह, हृदयाच्या धमन्यांचा विकार यांसारखं काही, आणि आधीचे साधे उपाय फसलेले. सर्जन त्याहून कमी बीएमआयलाही ऑपरेशन सुचवू शकतात, आशियाई लोकांसाठी वैद्यकीय मर्यादा खालची आहे. पण पैसे विमा कंपनी तिच्या अटीने देते. उंची सेंटिमीटरमध्ये नीट मोजून घ्या. ९० किलो आणि १६० सेंमीला बीएमआय ३५.२ येतो, तीच उंची निष्काळजीपणे १६२ लिहिली की ३४.३, आणि क्लेम अडकतो. वजनाची नोंद लिक्विड डाएट सुरू होण्याआधीची हवी, कारण त्या पंधरवड्यात तीन-पाच किलो सहज जातात.

हॉस्पिटलच्या अंदाजपत्रकात स्टेपलरच्या काडतुसांची संख्या विचारा. स्लीव्हला साधारण चार ते सहा लागतात आणि तो खर्चाचा मोठा भाग असतो. ‘पाच धरलेत, सहावं लागलं तर वेगळं बिल’ हे आधी कळलेलं बरं.

दुकानातच राहू द्या

रंगीत खणांच्या ‘बेरिॲट्रिक’ ताटल्या, कंबरपट्टे, डिटॉक्स चहा, ॲपल सायडर व्हिनेगर. लिव्हर साफ करण्याचे काढे तर नकोच. त्यात काय आहे ते भूलतज्ज्ञाला सांगता येत नाही, आणि काही वनस्पती रक्त पातळ करतात. घरात असलेलं ईनो आणि सोडा वरच्या फळीवर टाका, नव्या जठराला तो गॅस सोसत नाही. कॉम्बिफ्लाम, व्होवेरान या वेदनाशामक गोळ्याही, विशेषतः बायपास होणार असेल तर, औषधांच्या डब्यातून काढून दुसऱ्या कुणाला द्या. कारण डोकं दुखल्यावर हात सवयीने त्याच पट्टीकडे जातो.

एक सराव मात्र फुकट आहे आणि तो याच दोन आठवड्यांत बसवायचा. आपल्याकडे ताटाबरोबर पाण्याचा तांब्या ठेवायची रीत आहे. तो उचला, जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही. ताक गटागटा नाही, घोट घोट. ऑपरेशननंतर सुरुवातीला एका वेळी ३० मिलीच घ्यायचं असतं आणि त्यासाठी ऑनलाइन सहाशे रुपयांना बारा पेल्यांचा संच मिळतो. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर उलटं बसवलेलं प्लास्टिकचं माप असतं ना, रेघा मारलेलं? काही बाटल्यांवर ते ३० मिलीपर्यंतचं असतं. तीन-चार धुऊन ठेवा.